शंभर घरटी, 44 पिल्लं

100 घरटी घ्या. प्रत्येकात 4 पिल्लं धरा, म्हणजे झाली 400. प्रत्येक घरट्यावर एक नर आणि एक मादी, दोघंही चोचीत अळ्या घेऊन दिवसभर ये-जा करतायत. जगभरातल्या पक्ष्यांच्या अभ्यासातून निघालेली सरासरी या 100 घरट्यांना लावली, तर 400 पैकी साधारण 44 पिल्लांचा बाप तो अळ्या आणणारा नर नसतो. ही 44 पिल्लं सगळीकडे थोडी थोडी विखुरलेली नसतात. ती जेमतेम 19 घरट्यांत असतात, म्हणजे अशा प्रत्येक घरट्यात दोनाहून थोडी जास्त. उरलेल्या 81 घरट्यांत परक्या बापाचं एकही पिल्लू नसतं.

यातला 4 पिल्लांचा आकडा मी हिशेबासाठी धरलेला आहे. 11 टक्के पिल्लं आणि 19 टक्के घरटी हे दोन आकडे सायमन ग्रिफिथ आणि सहकाऱ्यांनी 2002 मध्ये केलेल्या मोठ्या आढाव्यातले, जोडीनं संसार करणाऱ्या पक्ष्यांचे. त्याच आढाव्यात तिसराही एक आकडा होता: तपासलेल्या पक्षिजातींपैकी सुमारे 90 टक्क्यांत परक्या बापाची पिल्लं सापडली. बातमीत गाजला तो हा तिसरा. ‘90 टक्के पक्षी बेइमान’ अशा अर्थाचं काहीतरी वाचल्याचं अनेकांना आठवत असेल. पण ते 90 टक्के जातींचे होते. एखाद्या जातीत शेकडो पिल्लं तपासून दोन जरी परकी निघाली, तरी ती जात त्या 90 टक्क्यांत जमा होते. पुढे 2019 च्या आढाव्यात जास्त जाती हिशेबात आल्या आणि 90 चे 76 झाले. टक्केवारी कशाची, जातींची, घरट्यांची की पिल्लांची, हे विचारल्याशिवाय या विषयात पाऊल टाकू नये.

आता एक जुना आकडा. 1968 मध्ये डेव्हिड लॅक या ब्रिटिश पक्षितज्ज्ञानं सगळी माहिती एकत्र करून सांगितलं की पक्ष्यांच्या 90 टक्क्यांहून अधिक जाती एक नर, एक मादी अशा जोडीनं राहतात. हा आकडा आजही चूक नाही. फक्त तो डोळ्यांनी मोजलेला आहे: घरट्यावर कोण बसतं, चारा कोण आणतं, कोण कुणाबरोबर हिंडतं. पिल्लांच्या अंगात कुणाचं रक्त आहे, हे तेव्हा मोजताच येत नव्हतं.

भिंगारमध्ये राहणाऱ्याला हा फरक समजावून सांगायला लांब जावं लागत नाही. भिंगारहून नगर शहराकडे निघालं की भुईकोट किल्ला लागतो. ऑगस्ट 1942 मध्ये ‘चले जाव’च्या ठरावानंतर काँग्रेस कार्यकारिणीचे 12 नेते इथे आणून कोंडले. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथेच लिहिलं, हे नगरच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच कैदेत मौलाना अबुल कलाम आझादांनी चिमण्यांवर पत्रं लिहिली, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. ती पत्रं मार्च 1943 मधली. ती धाडली गेली नाहीत. 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पुस्तकात आली.

आझादांच्या खोलीच्या जुन्या छतात चिमण्यांनी संसार थाटले होते. काड्या-कचरा खाली पडायचा. आधी छत्रीनं, मग बांबूनं त्यांनी चिमण्यांना हाकलून पाहिलं. चिमण्या हटल्या नाहीत. मग आझादांनीच तह केला आणि तांदळाचे दाणे टाकायला लागले. दाणे टाकायची जागा रोज थोडी जवळ आणत आणत शेवटी चिमण्या हातापर्यंत आल्या. त्यांनी त्यांना नावं दिली. एक मादी मोती, एक धीट नर कलंदर. एका पिल्लाची उडायला शिकतानाची धडपड आणि आईचा आटापिटा त्यांनी ज्या बारकाईनं टिपला आहे, तसं निरीक्षण पक्षिशास्त्राच्या वहीतही क्वचित मिळतं. सबंध देशाचं राजकारण अंगावर असलेला माणूस चार भिंतींत बसून चिमण्यांची ये-जा मोजतो आहे, हे डोळ्यांसमोर आणलं की मला अजून भरून येतं.

पण आझादांनाही दिसली ती जोडी. मोतीच्या पिल्लांचा बाप कोण, हे जगातल्या कुठल्याही शास्त्रज्ञाला 1943 मध्ये सांगता आलं नसतं.

ते सांगता येऊ लागलं चार दशकांनी, आणि पहिली साक्ष द्यायला उभी राहिली चिमणीच. 1984 मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टर विद्यापीठात अ‍ॅलेक जेफ्रीस यांना डीएनएचे ठसे घेण्याची पद्धत सापडली. मे 1987 च्या ‘नेचर’मध्ये एकाच अंकात दोन शोधनिबंध आले आणि दोन्हींत घरचिमणीवर ही पद्धत वापरली होती. पिल्लाच्या पंखातल्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यातल्या डीएनएचे तुकडे जेलवर पसरायचे. दुकानातल्या वस्तूवर असतात तशा काळ्या पट्ट्या उमटतात. पिल्लाची प्रत्येक पट्टी आई किंवा बाप यांच्यापैकी कुणाकडे तरी असलीच पाहिजे. ज्या पट्ट्या दोघांकडेही नसतात, त्या तिसऱ्या कुणाच्या तरी असतात. नॉटिंगहॅमजवळच्या चिमण्यांत पुढच्या काही वर्षांत मोजणी झाली तेव्हा सुमारे 14 टक्के पिल्लं अशी निघाली. सातात एक.

पण सातात एक ही चिमणीची ‘जात’ नव्हे. इंग्लंडच्या नैर्ऋत्येला लंडी नावाचं एक छोटं बेट आहे. तिथे 1990 च्या दशकातल्या मोजणीत हे प्रमाण जेमतेम एक टक्क्याच्या आसपास होतं. त्याच बेटावर 2000 नंतरच्या मोजणीत ते पाच-सहा पिल्लांत एक इतकं चढलं. पक्षी तोच, बेट तेच. तेव्हा ‘चिमणी एकनिष्ठ असते का’ या प्रश्नाला एका आकड्याचं उत्तर देता येत नाही. कुठल्या वस्तीतली आणि कुठल्या वर्षांतली, हे विचारावं लागतं.

जातीजातींतला फरक तर याहून मोठा. फ्लोरिडातल्या झुडपी जे पक्ष्याच्या, म्हणजे आपल्या कावळ्याच्या एका चुलत भावाच्या, 139 पिल्लांची तपासणी झाली आणि त्यात परक्या बापाचं एकही निघालं नाही. युरोपातल्या एका भारिटाच्या अभ्यासात 55 टक्के पिल्लं परक्या बापाची निघाली. ऑस्ट्रेलियातला निळाभोर फेअरी-रेन हा अंगठ्याएवढा पक्षी जन्मभर एका जोडीदाराबरोबर एकाच हद्दीत राहतो, आणि त्याच्या घरट्यांतली 76 टक्के पिल्लं दुसऱ्यांची! जोडी किती घट्ट आणि पितृत्व किती पक्कं, हे दोन वेगळे रकाने आहेत. एकातला आकडा बघून दुसरा भरता येत नाही.

सात दिवस, आठ नर

मुंबईत 1906-07 च्या सुमारास दहा वर्षांच्या एका मुलानं वहीत चार ओळी लिहून ठेवल्या. तबेल्याच्या भिंतीतल्या भोकात चिमणी अंड्यांवर बसलेली, बाहेर खिळ्यावर नर राखणीला. मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं नर मारला. थोड्याच वेळात दुसरा नर येऊन त्याच खिळ्यावर बसला. तोही मारला, तिसरा आला. सात दिवसांत आठ नर गेले, आणि दर वेळी मादीच्या भोकाशी नवा नर हजर. तो मुलगा म्हणजे सलीम अली.

मुलानं ते शिकारीची फुशारकी म्हणून लिहिलं होतं. आज ते वाचताना आधी वाईट वाटतं, आणि लगेच आकड्यात जीव गुंततो. एका भोकासाठी आठ नर जवळपासच थांबलेले होते! डोळ्यांना जोड्या दिसतात. बिनजोडीचे नर दिसत नाहीत, कारण ते गात नाहीत, घरटं राखत नाहीत, नुसते वाट बघत हिंडतात. 1949 मध्ये अमेरिकेच्या मेन राज्यात 40 एकर जंगलात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. सुरुवातीला हद्द धरून गाणारे 148 नर पक्षी मोजले होते. ते काढत गेले तसे नवे येत गेले आणि शेवटी काढलेल्या नरांची संख्या झाली 302. दुपटीहून जास्त.

या पार्श्वभूमीवर मादीची निवड समजून घ्यावी लागते. चिमणीच्या बाबतीत दुर्मीळ गोष्ट नर नाही, भोक आहे. नर भोक शोधतो, त्याच्या तोंडाशी बसून चिवचिवतो, मादी येते, आत डोकावते. जोडीदार निवडणं आणि जागा निवडणं ही तिच्या लेखी जवळजवळ एकच कृती. नर गेला तरी ती भोक सोडत नाही. आमच्याकडे विजेच्या मीटरच्या पेटीमागे चिमण्यांचं बिऱ्हाड आहे. मागे एकदा पेटी बदलली तेव्हा जुनं गवत, कापूस, कोंबडीची पिसं सगळं निघालं. चौथ्या दिवशी त्याच जागी पुन्हा काड्या. मादी तीच होती की दुसरी, मला सांगता येणार नाही. जागा मात्र तीच.

आणखी एक साधा हिशेब. घरचिमणीसारख्या लहान पक्ष्यांत मोठ्या झालेल्यांपैकी ढोबळमानानं निम्मेच पुढचं वर्ष पाहतात. 100 जोड्या घेतल्या तर वर्षानं दोघंही जिवंत अशा 25 उरतात. 50 जोड्यांतला एक जण गेलेला असतो आणि 25 जोड्यांतले दोघंही. दोन वर्षांनी पूर्ण जोड्या 6 किंवा 7. उष्ण प्रदेशातले काही पक्षी याहून जास्त जगतात, तरी गणिताची चाल तीच राहते. ‘जन्माची गाठ’ हा शब्द इथे वापरायचा तर तो जन्म दोन-तीन हंगामांचा आहे. जोड्या मोडण्याचं सर्वांत मोठं कारण मृत्यू आहे, आणि उरलेल्या चिमणीनं आठवड्याभरात दुसरा नर धरला तर त्यात दगाफटका काही नाही. अंडी पोटात आहेत, पाऊस येणार आहे.

आझादांच्या पत्नी जुलेखा बेगम 9 एप्रिल 1943 रोजी कोलकात्यात वारल्या. चिमण्यांवरची पत्रं लिहून तेव्हा महिनाही झाला नव्हता, आणि मौलाना याच किल्ल्यात बंद होते. माणसाच्या एकनिष्ठतेला वेगळं वजन आहे. तो शब्द चिमणीला लावताना, कौतुकानं किंवा निंदेनं, माझा हात म्हणूनच अडखळतो.

गळपट्टा, शेपूट आणि खोपा

चिमणीच्या नराच्या हनुवटीखाली काळा गळपट्टा असतो. तो मोठा तर नर वरचढ आणि मादीला पसंत, असं अनेक वर्षं पाठ्यपुस्तकांत होतं. 1999 मध्ये लंडी बेटावरच्या मोजणीत उलटंच दिसलं. तिथल्या माद्या लहान गळपट्ट्याच्या नरांकडे झुकत होत्या. 2018 मध्ये जगभरचे अभ्यास, न छापलेल्या आकड्यांसकट, एकत्र तपासले गेले आणि ‘मोठा गळपट्टा म्हणजे वरचढ नर’ याला पुरावा फार पातळ निघाला. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी मोडते तेव्हा मला वाईट वाटत नाही. मोजणाऱ्यांनी पुन्हा मोजलं, याचा आनंदच वाटतो.

सजावटीवरून निवड होते याचा घट्ट पुरावा सुगरणीच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदाकडून आला. केनियातल्या लांबशेपट्या विडोबर्डच्या नराची शेपूट अर्धा मीटर लांब. माल्टे अँडरसन या स्वीडिश शास्त्रज्ञानं 36 नर पकडले, काहींची शेपूट कापून 14 सेंटिमीटर केली, कापलेली पिसं दुसऱ्यांना डकवून त्यांची शेपूट 25 सेंटिमीटरनं वाढवली, काहींची तशीच ठेवली. लांब शेपटीवाल्यांच्या हद्दीत नंतर जास्त घरटी बसली. 1982 मध्ये हे छापून आलं. कात्री आणि गोंद, एवढंच साहित्य!

पण आपल्या ओढ्याकाठी जे दिसतं ते मला याहून मोलाचं वाटतं. पावसाळ्यात भिंगारच्या आसपास ओढ्याच्या कडेची एखादी बाभूळ किंवा विहिरीवर वाकलेली फांदी बघा, सुगरणीचे खोपे लोंबताना दिसतील. सुगरण हे नाव बाईमाणसाचं, घर चालवण्यात निपुण अशा स्त्रीचं. विणकर मात्र नर. डोक्यावर पिवळीधमक टोपी, चोचीत गवताची हिरवी पाती. एका पूर्ण खोप्याला सुमारे 18 दिवस आणि 500 पर्यंत फेऱ्या लागतात. पण तो सबंध खोपा एकदम विणत नाही. साधारण आठव्या दिवशी शिरस्त्राणासारखा अर्धा खोपा तयार होतो, मधोमध आडवी वीण. तिथे तो काम थांबवतो आणि त्याला लटकून, पंख फडफडवत, गलका करतो. माद्या येतात. एक आत शिरते, आडव्या विणीवर बसते, चोचीनं धागे ओढून पाहते. निघून जाते. दुसरी येते. पसंत पडला तर खोपा तिचा. मग नर अंड्यांची खोली आणि खालची नळी पुरी करतो. पसंत न पडलेले अर्धे खोपे तसेच वाळतात. बाभळीखाली उभं राहून नुसते अर्धे खोपे मोजले तरी किती नकार मिळाले ते कळतं.

नर पुढे काय करतो, हे उलगडलं आपल्याच कोकणात. 1930 च्या पावसाळ्यात सलीम अली नोकरी गेल्यामुळे अलिबागजवळच्या किहीमला राहायला आले होते. घराजवळच सुगरणींची वस्ती होती. त्यांनी शिडीवर बसून ती दिवसेंदिवस पाहिली आणि 1931 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं: मादीनं खोपा स्वीकारून अंडी घातली की नर दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. मग तिसरा. एका हंगामात एका नराचे दोन-तीन संसार, आणि पिल्लांना भरवण्याचा जवळजवळ सगळा भार मादीवर. लॅकच्या 90 टक्क्यांबाहेरचा हा पक्षी.

मादी पाहते तरी काय, विणीची सफाई की जागा? सुहेल क्वादर यांनी दक्षिण भारतात केलेल्या आणि 2006 मध्ये छापलेल्या अभ्यासाचं उत्तर: जागेला वजन जास्त. खोपा कुठे आणि किती उंचावर टांगला आहे, यावर निवड अधिक ठरते. सापाच्या, कावळ्याच्या, माणसाच्या तावडीत न सापडणारी फांदी ज्यानं धरली त्याला मादी मिळते. उघड्यावरचा खोपा आणि भिंतीतलं भोक दिसायला कितीही वेगळे असोत, निवड पुन्हा जागेपाशीच येते.

परका बाप कशासाठी?

या प्रश्नाचं सोपं उत्तर बराच काळ असं होतं: मादी चांगल्या बीजाच्या शोधात शेजारी जाते. युरोपातल्या काही गाणाऱ्या पक्ष्यांत याला दुजोराही मिळाला. जास्त प्रकारची गाणी येणाऱ्या नरांकडे माद्या वळल्या. पण लंडीच्या चिमण्यांनी इथेही घोळ घातला. 2014 मधल्या अभ्यासात तिथली परक्या बापाची पिल्लं पुढच्या आयुष्यात सख्ख्या बापाच्या पिल्लांपेक्षा कमी यशस्वी ठरली. म्हणजे मादीला फायदा झाला असं म्हणता येईना.

मग दुसरी शक्यता. जर्मनीत 1500 हून अधिक झेब्रा फिंचच्या पाच पिढ्या पाळून 2011 मध्ये दाखवलं गेलं की नरांत जी जनुकं भटकण्याची ओढ वाढवतात, तीच माद्यांतही ती वाढवतात. नराला त्यातून जास्त पिल्लं मिळतात म्हणून ती जनुकं टिकतात आणि लेकींनाही वारशानं येतात, त्यांचा त्यात फायदा असो वा नसो. मला हे स्पष्टीकरण पटतं, कारण त्यात पक्ष्याच्या मनात हेतू घालावा लागत नाही. याच झेब्रा फिंचची रानातली पिल्लं तपासली तर परक्या बापाची दोन टक्क्यांच्या आसपासच निघतात, हेही ध्यानात ठेवावं.

तोटा कुणाचा होतो, तेही लंडीत मोजलं गेलं. 12 वर्षं, 313 जोड्या, 863 विणी. ज्या माद्या वारंवार बाहेर जातात त्यांचे नर घरट्यावर कमी फेऱ्या मारतात. विशेष म्हणजे नराला स्वतःचं पिल्लू ओळखता येतं, असा पुरावा मिळाला नाही. तो वागतो जोडीदारणीच्या सवयीवरून. तोच नर दुसऱ्या मादीबरोबर जुळला तर त्याच्या फेऱ्याही बदलतात. कमी झालेली प्रत्येक फेरी म्हणजे एक अळी कमी, आणि चिमणीची पिल्लं पहिले काही दिवस अळ्यांवरच वाढतात. अंगणात दाणे टाकून ती भूक भागत नाही, हे चिमणीवर माया करणाऱ्यांनी मुद्दाम जाणून घ्यावं. औषध न मारलेली चार झाडं लागतात.

पावसाचा भाग नगरकरांच्या जिव्हाळ्याचा. हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर एका लहान वटवट्याच्या जोड्या वर्षानुवर्षं नोंदवल्या गेल्या. दोघंही जिवंत असताना जोडी मोडण्याचं प्रमाण एखाद्या वर्षी 1 टक्का, तर एखाद्या वर्षी 16 टक्के निघालं, आणि त्याचा धागा पावसाशी जुळला. फार कमी पाऊस झाला तरी जोड्या जास्त मोडल्या, फार जास्त झाला तरीही. पर्जन्यछायेत राहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटू नये. दुष्काळात माणसांची घरंही दोन ठिकाणी वाटली जातात. अर्धी ऊसतोडीला, अर्धी गावात.

यंदा मीटरच्या पेटीमागे पिल्लं चिवचिवायला लागली तेव्हा मी सकाळी तासभर वही घेऊन बसत होतो. दोन रकाने: नर, मादी. फेरी झाली की त्या रकान्यात एक रेघ. नर पेटीवर उतरताना आधी डावीकडे मान वळवून बघतो, मग आत जातो. मादी सरळ घुसते. समोरच्या तारेवर आणखी एक नर रोज असायचा, फिकट गळपट्ट्याचा. तो काही आणत नव्हता, ओरडत नव्हता, कुणी हाकललं तर दोन हात सरकून पुन्हा बसायचा. त्याच्यासाठी वहीत जागाच नव्हती. चौथ्या दिवशी मी पट्टी घेऊन तिसरा रकाना आखला.